डोळ्याची बोहणी

पट्टी सुटायच्या ऐन वेळी डॉक्टरांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझ्या समोरच्या दुकानात बसतो. अंबादासभाऊ.

'डॉक्टरसाब, हात राहू द्या तुमचा, तोंड तेवढं बाजूला घ्या,' असं ते सांगतात. डॉक्टर बिचारे मान वाकडी करून, भिंतीकडे बघत, पेशंटच्या डोळ्यावरचा कापूस काढतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, 'का हो भाऊ, माझ्या तोंडात एवढं वाईट काय आहे?' त्यावर भाऊ म्हणाले, 'वाईट बिलकुल न्हाई. पण बोहणीला नको.'

ही बोहणीची भानगड समजायला आधी भाऊंचं दुकान समजलं पाहिजे. जालन्याच्या मस्तगडात माझं औषधांचं दुकान आहे आणि बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, भाऊंचं बैलांच्या साजाचं. घुंगरमाळा, गोंडे, कासरे, झुली, शिंगांना लावायचा रंग. दुकान असं रंगीबेरंगी की पोरं शाळेत जाताना उगाच तिथून चालतात. भाऊ मूळचे वडीगोद्रीकडच्या शेतकरी घरातले. शेती थोरल्या भावाकडे राहिली, हे जालन्यात आले. आता बैल कमी झाले आणि लोक तेच गोंडे नेऊन ट्रॅक्टरला बांधतात. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, 'ट्रॅक्टरला काय हौस नसती का, ताई?'

तर असा हा दुकानदार माणूस. दुकानदाराला सकाळचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहणी. बोहणी चांगली झाली तर दिवस चांगला, नाही तर संध्याकाळपर्यंत माशा मारायच्या. हे त्यांनी सरळ उचललं आणि डोळ्याला लावलं. 'डोळा नवा हाय. त्याची बोहणी जर सलाईनच्या दांडीनं झाली, तर पुढं त्याला दिसल काय? दांड्याच दिसतील.'

मी आमच्या सेवा क्लबची सेक्रेटरी आहे. अध्यक्ष दरवर्षी नवा होतो, हार घालून घेतो आणि जातो. सेक्रेटरी मात्र मीच, कारण त्या खुर्चीला हार नाही, फक्त शिव्या आहेत. क्लबची बाकीची कामं तुम्हाला कुठल्याही गावात दिसतील तशीच. शाळेत दप्तरं वाटतो, रक्तदान करतो, शाल-श्रीफळ देतो आणि घेतो. वृक्षारोपणाचा तर आमचा एक ठरलेला खड्डा आहे. दरवर्षी त्यातच नवं रोप लावतो, जुन्याची चौकशी कोणी करत नाही. पण मोतीबिंदूचं शिबिर आम्ही मनापासून घेतो. अंबडकडच्या गावांतून म्हातारी माणसं जीपने आणायची, डॉक्टरांच्या दवाखान्यात ऑपरेशन करायचं, रात्री शेजारच्या हॉलमध्ये झोपवायचं आणि सकाळी पट्टी काढायची.

या शिबिरात भाऊंना आम्ही चहाच्या कामावर घेतलं होतं. चहा त्यांनी कधी केला नाही. ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी ते एकेका खाटेपाशी पायथ्याला टेकायचे आणि विचारायचे, 'माय, उद्या पट्टी सुटली की पहिले काय पाह्यचं?'

माणसं दचकायची. म्हातारपणी माणसाला लोक पुष्कळ काही विचारतात. पोट साफ झालं का, गोळी घेतली का, आधार कार्ड कुठंय. काय बघायचंय, हे कोणी विचारत नाही. मग कुठून तरी एक आवाज येई, 'मला भाकर पाह्यची. तव्यावर फुगल्याली.' दुसरी म्हणे, 'मला सून पाह्यची. आवाज लई गोड हाय तिचा, तोंड पाह्यचं राह्यलं.' कोणाला आपलेच तळहात बघायचे असत. एका बाईला फक्त लाल रंग बघायचा होता. कशाचा का असेना, लाल पाहिजे. दिवेलागणीला तो हॉल अर्धवट झोपेत बोलतोय असं वाटायचं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात धुकं, आणि सगळे आढ्याकडे तोंड करून आपापलं काहीतरी बघतायत. मी रजिस्टर मिटवून नुसती ऐकत बसायचे, आणि मला उद्या काय बघायला आवडेल याचा विचार करता करता डुलकी यायची.

भाऊंची मात्र त्यानंतर पळापळ. तवा आण, शेगडी आण, सून आण. अंकुशनगरच्या एका म्हाताऱ्याला साखर कारखान्याची चिमणी पाहायची होती. जन्मभर तिथं ऊस उतरवला होता त्याने. भाऊंनी सकाळी डॉक्टरांना न सांगता त्याला पट्टीसकट मोटारसायकलवर बसवून तिकडे नेलं, पट्टी स्वतःच सोडली आणि परत येऊन बोलणी खाल्ली. त्यात हंगाम संपलेला, चिमणीतून धूर नाही की काही नाही. भाऊ खट्टू झाले. म्हातारा मात्र कितीतरी वेळ वर बघत राहिला आणि म्हणाला, 'झोपलीय. झोपू द्या. लई राबली.'

बैलाचं प्रकरण मात्र आमच्या अध्यक्षांच्या वर्मी लागलं. वडीगोद्रीच्या पुढच्या वस्तीवरची एक आजी होती, यशोदाआजी. भाऊंनी विचारलं तशी लगेच म्हणाली, 'मला माझा राजा पाह्यचा.'

'नातू का, माय?'

'न्हाई बा. बैल.'

खाटेशेजारी तिचा मुलगा बसला होता, त्याचा चेहरा एकदम पडला. तो म्हणाला, बैल शेतात असतो, एवढ्या लांब कशाला, आईचं काय ऐकता. भाऊ ऐकतात होय! टेम्पो मी पाठवतो म्हणाले. सकाळी हॉलच्या अंगणात टेम्पोतून खरोखरच एक बैल उतरला. भाऊंनी त्याला आपल्या दुकानातली मखमली झूल घातली, गोंडे बांधले, गळ्यात माळ घातली. अध्यक्षांनी फोटोग्राफर बोलावला होता. मागे क्लबचा बॅनर, पुढे बैल, मधे खुर्चीवर आजी. डॉक्टरांनी मान वाकडी करून पट्टी काढली.

आजीने बैलाकडे पाहिलं. डोळे मिचकावले. उठून जवळ गेली, शिंग चाचपलं. सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत.

'ह्यो राजा न्हाई,' आजी म्हणाली.

आजी मुलाकडे वळली. 'इकलास ना रं त्याला?'

मुलगा रडायलाच लागला. आईची नजर गेल्यावर त्याने राजा बाजारात विकला होता आणि दर पोळ्याला शेजाऱ्याचा बैल आणून आईपुढे उभा करत होता. म्हातारी बिचारी चाचपडत त्यालाच कुंकू लावायची, पुरणपोळी भरवायची. 'वास येगळा यायचा त्याचा,' आजी म्हणाली. 'मला वाटलं, डोळ्यासंगं नाकबी गेलं माझं.' मग थोडा वेळ ती त्या परक्या बैलाकडे बघत राहिली आणि त्याच्या गळ्याखाली हात फिरवत म्हणाली, 'ह्याचं तरी काय चुकलं? गुमान खाल्लं बिचाऱ्यानं दरसाल.' तेवढ्यात बैलाने बॅनरवर शेण टाकलं.

अध्यक्षांनी त्याच आठवड्यात ठराव केला की शिबिरात जनावर आणू नये. भाऊंना फार लागलं होतं ते, ठराव नव्हे, आजीची बोहणी. 'पहिल्याच नजरेला पोराचं खोटं दिसलं तिला. मी दाखवलं,' असं ते बरेच दिवस म्हणत होते. मी समजूत घातली, की बाई मुलाचा हात धरून घरी गेली, मी स्वतः पाहिलं. पण त्यांच्या मनातून ते गेलं नाही.

पुढे आमच्या क्लबची टांझानियातल्या एका क्लबशी ओळख झाली. तिकडे मोठ्या सरोवराच्या काठच्या एका गावात डोळ्यांचं शिबिर ठरलं. डॉक्टरांची तुकडी आणि सोबत आम्ही काही स्वयंसेवक, आपापल्या खर्चाने. भाऊंचं नाव आलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, 'ते तिथं हत्ती आणतील.' पण डॉक्टरच म्हणाले, 'भाऊ येणार असतील तरच मी येतो. माझी मान आता वाकडीच बसते.'

विमानतळावर भाऊंची बॅग उघडायला लावली. आत एक लांबलचक कासरा, वीतभर अंतरावर लाल-पिवळे गोंडे आणि प्रत्येक गोंड्याखाली घुंगरू. अधिकाऱ्याने विचारलं, 'ये किसलिए?'

भाऊ अभिमानाने म्हणाले, 'माणसं बांधून न्यायला.'

मी मधे पडले नसते तर आमचं शिबिर तिथंच भरलं असतं. मी सांगितलं, की पट्टीवाले पेशंट रांगेने न्यायचे असले की सगळ्यांनी हा दोर धरायचा असतो, म्हणजे कोणी भरकटत नाही. आणि घुंगरू यासाठी की पुढचा चालतोय हे मागच्याला ऐकू यावं. अधिकाऱ्याने घुंगरू वाजवून पाहिलं आणि बॅग सोडली.

तिकडे भाऊंना भाषेची अडचण येईल असं मला वाटलं होतं. त्यांना ती आली नाही. ते सगळ्यांशी मराठीत बोलायचे. संध्याकाळी नेहमीसारखे पायथ्याला टेकले आणि म्हणाले, 'माय, उद्या पहिले काय पाह्यचं?' ते मी इंग्रजीत नीमाला सांगायचं, आणि नीमाने, म्हणजे तिथल्या नर्सने, त्यांच्या भाषेत पेशंटला. उत्तर त्याच वाटेने उलटं यायचं. ती सगळी मासेमारी करणारी माणसं. खाटेमागून खाट, उत्तर एकच येत गेलं. सरोवर.

'हे बराबर हाय,' भाऊ खूश झाले. 'जालन्यात एकेकाला येगळं दाखवता दाखवता जीव जायचा. इथं एकच माल, सगळ्याला पुरल.'

पहाटे मला घुंगरांच्या आवाजाने जाग आली. झोपेत वाटलं, वडिलांची बैलगाडी दारात आली. खिडकीतून पाहिलं तर पांढऱ्याशुभ्र धुक्यात एक रांग चालली होती. पुढे भाऊ, मागे दोर धरलेले म्हातारे-म्हाताऱ्या, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी, शेवटी औषधांचा ट्रे घेतलेली नीमा. गोंडे हलत होते. माणसं धुक्यात शिरून दिसेनाशी व्हायची आणि घुंगरू तेवढे ऐकू यायचे. मी चप्पल घालायचीही विसरले आणि तशीच बाहेर पडले.

वाटेत डॉक्टर धावताना भेटले, तोंडात ब्रश. वॉर्ड रिकामा पाहून त्यांना वाटलं, पेशंट पळाले. काठावर पोचल्यावर त्यांनी ब्रश तोंडात तसाच ठेवून भाऊंना असं काही झापलं की नीमाला मराठी न येताही सगळं समजलं. धूळ, जंतू, वारा! भाऊ खाली मान घालून ऐकत होते. शेवटी डॉक्टर थकले, हात धुतले, आणि म्हणाले, 'आता आणलंच आहे तर काढतो इथंच.' भाऊंनी सगळ्यांना पाण्याकडे तोंड करून बाकांवर बसवलं. समोर कोणी उभं राहायचं नाही. डॉक्टरांनी एका टोकाकडून पट्ट्या काढत आणल्या.

पहिला म्हातारा कोळी समोर बघत राहिला. मग तो काहीतरी बोलला आणि नीमाचा चेहरा उतरला. मी विचारलं. ती म्हणाली, 'तो म्हणतो, काही बदललं नाही. कालही पांढरं होतं, आजही पांढरंच आहे.'

डॉक्टरांच्या हातातला कापूस पडला. मग त्यांनी समोर पाहिलं, मीही पाहिलं. सरोवरच नव्हतं. धुक्याने सगळं भरलं होतं. पाणी कुठं, आभाळ कुठं, काही कळत नव्हतं. दोन चांगल्या डोळ्यांच्या मलाही म्हाताऱ्यापेक्षा जास्त काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी घाईघाईने त्याच्यापुढे दोन बोटं धरली. 'दोन,' म्हातारा म्हणाला, आणि डॉक्टरांच्या तोंडाकडे, तोंडातल्या ब्रशकडे बघून हसायला लागला. बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघून हसू लागले.

भाऊ तेवढे हसले नाहीत. ते वाळूत बसून म्हणाले, 'बोहणी गेली, ताई. आधी बैल खोटा निघाला, आता तळं गायब.'

पण ऊन वर आलं तसं धुकं विरायला लागलं. आधी पायापाशी पाण्याची एक काळसर ओळ दिसली. मग लांब एका होडीचं टोक, नुसतं टोक, कशावर टेकलेलं नाही असं. मग होडी, मग वल्हं, मग माणूस. बाकावर कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. बायकांनी जीभ हलवून लांब सूर काढला, तो पाण्यावरून दूर गेला आणि होडीतल्या माणसाने हात वर केला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतकं सुंदर मी आजवर काही पाहिलेलं नाही.

एका आजीने मात्र होडी पाहिली आणि डोळे मिटून घेतले. भाऊ घाबरले. दुखतंय का विचार म्हणाले. नीमा तिच्याशी बोलली आणि मग हळूच मला सांगू लागली. पुष्कळ वर्षांपूर्वी तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परत आला नाही. पुढे तिला दिसेनासं झालं. रोज संध्याकाळी ती काठावर येऊन बसे. वल्ह्याचा आवाज येई, पांढऱ्यात एक काळा ठिपका हले, आणि प्रत्येक होडी तिला त्याचीच वाटे. आज पहिल्यांदा होडीतला माणूस दिसला. तो दुसराच होता.

मी हे भाऊंना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, 'पुन्हा सांगा.' मी पुन्हा सांगितलं. मग ते उठून त्या आजीशेजारी जाऊन बसले. ऊन चांगलं तापेपर्यंत दोघं तसेच बसले होते.

जालन्याला परत आल्यावर भाऊ थोडे गप्प गप्प असायचे. प्रवासाचा शीण असेल म्हणून मी सोडून दिलं. पण हळूहळू एकेक गोष्टी दिसायला लागल्या. लाल गोंडा मागितला की केशरी द्यायचे. चहा कपात ओतता ओतता बशीत ओतायचे. ओळखीच्या माणसाला ओळखायला त्यांना तो जवळ यावा लागे. एकदा रस्ता ओलांडताना मोटारसायकलवाल्याने करकचून ब्रेक मारला, मी दुकानातून ओरडले. शेवटी हाताला धरून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला.

'चला, आता भाऊंची बोहणी!' डॉक्टर हात चोळत म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता की मला त्यांचा रागच आला.

भाऊ म्हणाले, पोळा होऊ द्या. पोळा झाला, मग पितृपक्ष आला. मग दिवाळी, मग लग्नसराई. मग म्हणाले, आधी गोरगरिबांचं होऊ द्या. दर शिबिरात इतरांच्या खाटेपाशी टेकून विचारणारा हा माणूस स्वतः काही खाटेवर चढेना. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आणखी पिकू दिला तर डोळ्यात दाब वाढेल, आणि मग ऑपरेशन करूनही नजर परत येईलच असं नाही. कायमची जाऊ शकते.

त्या दिवशी मी तावातावाने रस्ता ओलांडला. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. भाऊ गादीवर बसून दाराकडे बघत होते. मी पायऱ्या चढले तसा त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी चक्रावले. मी 'भाऊ' म्हटलं आणि तो उजेड गेला.

'तुम्ही का, ताई. या.'

'काय लावलंय हे?' मी सुरूच झाले. 'गावोगावच्या म्हाताऱ्यांना डोळे देत फिरता आणि स्वतः आंधळे होऊन बसणार? लोक काय म्हणतील? तुमचा मुलगा पुण्याहून मला फोन करतो. मी काय सांगू त्याला?'

त्यांनी मला बोलू दिलं. मी दमल्यावर म्हणाले, 'तुम्हाला आमच्या घरच्यांची आठवण हाय का?'

कशी नसणार! कौसल्यावहिनी. रोज दुपारी डबा घेऊन याच पायऱ्या चढायच्या. मी पलीकडून हात करायचे, त्याही करायच्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेल्या. कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही.

'दुपारचं ऊन मागून येते या दारात,' भाऊ म्हणाले. 'कोणीबी बाई पायरी चढून उभी राह्यली, की तोंड दिसत न्हाई, नुसती आकृती दिसती. मंग मला ती हीच दिसती. डबा घेऊन आल्ती तशी. आत येईपर्यंत हीच असती. मंग ती बाई तोंड उघडती, न् दुसरीच कोणी निघती.' त्यांची नजर दारावरच होती. 'पण तेवढा वेळ तर असती ना.'

मी गादीच्या कडेला बसले.

'तळ्याकाठच्या त्या मायला म्याच उचलून नेलं पाण्यापाशी,' भाऊ म्हणाले. 'तिचा माणूस होता त्या पांढऱ्यात. म्या घालवला. आता माझ्या डोळ्यातलं साफ करून राह्यले तुम्ही. साफ झाल्यावर ही कुठं उभी राहील?'

मी त्यांना खूप सांगू शकले असते. दाबाचं, कायमच्या अंधाराचं. त्यांना ते सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी उठून सरळ डॉक्टरांकडे गेले आणि जे ऐकलं ते सांगितलं. डॉक्टर बराच वेळ टेबलावरचा टॉर्च लावत-विझवत बसले. मग म्हणाले, 'तसंही मी एका वेळी एकच डोळा करतो.'

हे भाऊंना सांगितलं तर त्यांनी दुकानदारासारखा विचार केला. गाल खाजवला, दाराकडे पाहिलं, छपराकडे पाहिलं. 'मंग उजवा करा,' म्हणाले. 'उजवा दुनियेचा. रस्ता, रंग, गिऱ्हाईक, तुमचं शिबिर, सगळं त्याच्यावर. डावा राहू द्या तिच्याकडं.'

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की डावाही कधीतरी करावा लागेल, आणि तोवर दर महिन्याला दाब तपासायला यायचं. भाऊ म्हणाले, येतो. आणि खरंच जातात. डॉक्टर तपासतात, मान हलवतात आणि 'अजून चालेल' म्हणतात. त्यातलं किती वैद्यकीय असतं ते मी विचारत नाही.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी त्यांच्या खाटेशी टेकायचं काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, 'भाऊ, उद्या पहिले काय पाहायचं?'

'डॉक्टरसाबाचं तोंड,' ते लगेच म्हणाले. 'एवढ्यांचे डोळे केले बिचाऱ्यानं, पण त्याच्या तोंडानं कोणाची बोहणी झाली न्हाई. म्याच होऊ दिली न्हाई.'

सकाळी डॉक्टरांनी मास्क काढला, केस नीट केले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच पेशंटच्या समोर सरळ मान करून बसले. पट्टी सुटली. भाऊंनी त्यांना निरखून पाहिलं. 'डॉक्टरसाब,' ते म्हणाले, 'तुम्ही तर लई म्हातारे झालात हो.' डॉक्टर हसले, मग उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

आता भाऊ लाल मागितला की लालच देतात. रस्ता झोकात ओलांडतात. क्लबच्या मीटिंगला येऊन माझ्या रजिस्टरातल्या चुका काढतात. मी त्यांना पूर्वीसारखीच टोचून बोलते, त्यांनाही ते आवडतं.

परवा दुपारी त्यांचे डोळ्यांचे थेंब संपले असतील म्हणून बाटली घेऊन गेले. रस्ता ओलांडला, पायऱ्या चढले. भाऊ गादीवर एकटेच होते. उजव्या डोळ्यावर त्यांनी तळहात अलगद ठेवला होता आणि डाव्याने दाराकडे बघत होते. ऊन माझ्या पाठीवर होतं. ते एकदम सावरून बसले, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं.

'आलीस?' ते म्हणाले.

बोलायला माझं तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. बाटली पदराआड घेतली. मागे रस्त्यापलीकडे माझ्या दुकानापुढे कोणीतरी 'ओ मॅडम, ओ मॅडम' करून हाका मारत होतं. मारू दे म्हटलं, आणि दारातच उभी राहिले.